बिनगाठीची नळी

पेट्रोल पंपावर उभं राहून 'काय मस्त वास आहे!' असं तुमच्यापैकी किती जणांनी म्हटलंय? खरं सांगा. मीही म्हणायचो. सेकंड इयरच्या दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत मला तो वास चक्क आवडायचा. आता तो नाकात गेला की मी जागच्या जागी थांबतो आणि आधी गाडीच्या खाली बघतो. असं का, ते सांगायचं म्हणून हे चार शब्द. यात मी हिरो वगैरे नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्या कॉलेजची फॉर्म्युला स्टुडंटची टीम बहुतेकांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांच्यासाठी : वर्कशॉपमागच्या शेडमधून रात्री दोन वाजता ग्राइंडरचा आवाज येतो आणि होस्टेलवाले ज्यांच्या नावाने शिमगा करतात, ते आम्ही. विद्यार्थ्यांनी छोटी रेसिंग कार स्वतः डिझाईन करायची, बनवायची आणि पळवायची, अशी ही स्पर्धा. अमेरिकेत १९८१ साली फॉर्म्युला एस.ए.ई. या नावाने सुरू झाली, इंग्लंडमध्ये १९९८ पासून फॉर्म्युला स्टुडंट म्हणून भरू लागली आणि पुढे आपल्याकडेही आली.

टीममध्ये कामाची वाटणी झाली तेव्हा सस्पेन्शन, इंजिन, चासी ही सगळी मानाची पानं सीनियर्सनी आधीच वाटून घेतली होती. माझ्या वाट्याला आली फ्युएल सिस्टीम. लग्नात पंगतीत वाढणाऱ्याची जी अवस्था, तीच फ्युएल सिस्टीमवाल्याची. नीट वाढलं तर कुणी नाव घेत नाही. सांडलं तरच सगळे बघतात.

काम तसं दिसायला सोपं. मागे टाकी, टाकीत इलेक्ट्रिक पंप, पुढे इंजिनाची फ्युएल रेल. इंजिन एका मोटरसायकलचं, सिंगल सिलिंडर, इंजेक्शनवालं. मधलं अंतर जेमतेम दोन फूट. त्यात चासीच्या पाइपाला धरून एक ८ मिलिमीटरची पोलादी नळी, आणि तिच्या दोन्ही टोकांना एकेक वीत रबरी होज. कॅडमध्ये मी ही लाइन निळ्या रंगाने काढली होती. इतकी सुंदर दिसत होती की मी तिचा स्क्रीनशॉट घरी आईला पाठवला. कॅडमधल्या पेट्रोलला वास नसतो आणि तिथे काही गळत नाही, ही गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही.

तुम्ही विचाराल, सगळीच नळी पोलादी का नाही? कारण इंजिन हलतं. सिंगल सिलिंडर तर चांगलंच थरथरतं. कडक नळी दोन्हीकडे घट्ट आवळली तर ती थोडी थोडी वाकत राहते आणि एक दिवस तिला तडा जातो. स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये जे फटीग घोकतो ना, तेच. मग सगळीच रबरी का नाही? कारण रबर घासतं, तापतं, लोंबतं आणि म्हातारं होतं. म्हणून जिथे स्थिर तिथे पोलाद आणि जिथे हालचाल तिथे रबर. सगळ्या गाड्यांत हीच वाटणी असते. भांडण होतं ते फक्त सांध्यावर. दोन वेगळ्या स्वभावाची माणसं एका घरात आली की होतं तसं.

होज आणायला मी नाना पेठेत गेलो. दुकानदार काकांनी विचारलं, ''गाडी कुठली?''

''आम्हीच बनवतोय.''

त्यांनी मला वरून खाली बघितलं. ''बरं. मग तुमच्या त्या गाडीला कार्बोरेटर का इंजेक्शन?''

हा प्रश्न फार मोलाचा आहे, मित्रांनो. बाहेरून दोन्ही होज सारख्याच काळ्या. पण होजवर छापलेलं असतं ते वाचायचं. एस.ए.ई. जे-३० या मानकात आर-७ म्हणजे कमी दाबाची, कार्बोरेटरच्या कामाची होज, साध्या मापांत ५० पी.एस.आय.पर्यंत. आर-९ ही इंजेक्शनची, १०० पी.एस.आय.पर्यंत, आत फ्लुओरोइलॅस्टोमरचं अस्तर असलेली. आमच्या पंपाचा दाब साधारण ३ बार, म्हणजे ४३-४४ पी.एस.आय. कागदावर आर-७ सुद्धा पास झाली असती. पण काठावर पास होणं काय असतं ते मला एम-३ मध्ये चांगलं कळलेलं आहे. मी आर-९ घेतली. या सगळ्या कहाणीत मी केलेली ही एकमेव बरोबर गोष्ट.

आता चुका. पहिली चूक क्लिपची. रूलबुकात स्पष्ट लिहिलंय की रबरी होजला लावायचा क्लॅम्प पूर्ण ३६० अंश वेढणारा हवा, नट-बोल्टने आवळणारा हवा आणि त्याच्या कडा बाहेर वळवलेल्या हव्यात, म्हणजे होजला कापणार नाहीत. स्क्रूने फिरवायची, पट्टीला खाचा असलेली वर्म ड्राइव्ह क्लिप फ्युएल लाइनवर चालणार नाही. ही क्लिप आपल्याकडे जुबली क्लिप म्हणून मिळते. १९२१ साली लमली रॉबिन्सन या ब्रिटिश नौदलातल्या माणसाने तिचं पेटंट घेतलं, आणि पाण्याच्या पाइपाला ती आजही झकास चालते. पण पट्टीच्या खाचांत रबर घुसतं, कापलं जातं, आणि आवळताना दाब सगळीकडे सारखा बसत नाही. हा परिच्छेद मी पिवळ्या हायलायटरने रंगवलासुद्धा होता. पण योग्य क्लॅम्प मंगळवारी येणार होते आणि टेस्टिंग होतं रविवारी. मग काय? 'टेस्टिंगपुरती लावू.' कॅप्टनलाही सांगितलं, तोही हो म्हणाला.

दुसरी चूक माझी एकट्याची. ती कुणालाच सांगितली नव्हती.

पोलादी नळी मी जुन्या बाजारातून एका मोडीत निघालेल्या गाडीची आणली होती. चांगली होती. टोकाला एक छोटा फुगवटा होता, गोल, अंगठीसारखा, बाजूच्या नळीपेक्षा जेमतेम मिलिमीटरभर उंच. शनिवारी रात्री नळी बसवायला गेलो तर ती दोन सेंटिमीटर लांब भरली. रात्रीचा दीड वाजलेला. दुसऱ्या टोकाला बेंड होता, तिथून कमी करता येत नव्हती. मी हॅकसॉ घेतला आणि फुगवट्याकडचं टोक उडवून दिलं. मनात म्हटलं, बरं झालं, होजही आता पटकन सरकेल. आणि खरोखरच सरकली! लोण्यासारखी. तेवढ्यावरूनच मला कळायला हवं होतं. नळी आता आखूड झाली म्हणून होज आत गेली जेमतेम अर्धा इंच. क्लिप लावली, जीव खाऊन आवळली, आणि चेकलिस्टवर 'फ्युएल लाइन : ओके' लिहून सही ठोकली.

रविवारी सकाळी मागच्या ग्राउंडला वळसा घालणाऱ्या रस्त्यावर टेस्टिंग. ड्रायव्हर आमचा बारक्या. टीममध्ये सगळ्यात किरकोळ म्हणून ड्रायव्हर झालेला, पण गाडी अशी चालवतो की बघत राहावं. वीस मिनिटं सगळं मस्त. कुणी व्हिडिओ काढतंय, कुणी लॅपटॉपवर आकडे बघतंय, मी वडापाव खातोय.

वर्कशॉपचे मामा त्या दिवशी फक्त शेडचं कुलूप उघडायला आले होते. कॉलेजात लागण्याआधी ते बरीच वर्षं गॅरेजात होते, फियाट आणि अँबॅसेडरच्या जमान्यात. बारक्या वळणावरून आमच्यासमोरून गेला, आणि मामांनी नाक वर केलं. मग हातातल्या किल्ल्या टाकून ते रस्त्याकडे पळत सुटले. साठीला आलेला माणूस. ''बंद कर! ए पोरा, बंद कर! बटण दाब!''

बारक्याने हेल्मेटमधून काय ऐकलं देव जाणे, पण मामांचे हात बघून त्याने किल स्विच दाबला. पंप बंद, इंजिन बंद. गाडी घरंगळत थांबली. आम्ही पोचेपर्यंत मामांनी त्याला काखेत हात घालून बाहेर ओढलं होतं.

होज नळीवरून जवळजवळ निघालीच होती. क्लिप होजवर तशीच घट्ट, पण होज तिला घेऊन पुढे सरकलेली. खाली पेट्रोलचा ओला डाग, आणि ते ठिबकत होतं तिथून एक्झॉस्टचा पाइप चार बोटांवर. फायर एक्स्टिंग्विशर कुठे होतं? शेडजवळ. वडापावच्या पिशवीशेजारी.

काहीही झालं नाही, मित्रांनो. पेटलं नाही, कुणाला ओरखडा नाही. पण काय झालं असतं ते आपण इंजिनिअरिंगवाल्यांनी तरी आकड्यांत बघायला हवं. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांनाही पेटण्याजोगी वाफ सोडतं. ती वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणून उडून जात नाही, खालीच पसरते. हवेत ती दीड टक्क्याच्या आसपास मिसळली की एक ठिणगी पुरते. आणि २५० ते ३०० अंश तापमानात पेट्रोलला ठिणगीचीही गरज उरत नाही. जोरात चाललेल्या इंजिनाचा एक्झॉस्ट याच्या कितीतरी पुढे असतो. आणि मध्ये बारक्या, पाच पट्ट्यांच्या सीट बेल्टने घट्ट बांधलेला.

मीटिंग झाली. कॅप्टनने निष्कर्ष काढला, क्लिप तात्पुरती होती, दोष क्लिपचा. मंगळवारी नवीन क्लॅम्प येतायत, ते लावू. सगळ्यांनी मान डोलावली. मीही डोलावली. मामा बाजूला उभे होते. त्यांनी पोलादी नळीच्या टोकावरून बोट फिरवलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ''नळी पुसून ठेव.'' बस्स, एवढंच.

ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मेसमध्ये बारक्या समोर बसायचा. मला म्हणायचा, ''अरे, तुझा काय दोष? क्लिपच फालतू.'' आणि मी वरणात भात कालवत बसायचो. माझी आई घरी शिलाईकाम करते. लहानपणी सुईत दोरा ओवून द्यायचं काम माझं. दोरा ओवला की ती दरवेळी विचारायची, ''गाठ मारलीस का?'' कारण गाठ नसेल तर टाके कितीही सुंदर घाला, एका ओढीला सगळा दोरा निघून येतो. लोकांनी क्लिपला नावं ठेवली की मला आईचा तो प्रश्न ऐकू यायचा.

बुधवारी मामांनी मला वर्कशॉपमध्ये गाठलं. आजूबाजूला कुणी नव्हतं.

''नवीन क्लिपा आल्या म्हणे?''

''हो मामा.''

''लाव मग. परत निघंल.''

मी गप्प.

''टोक कुणी कापलं?''

''मी.''

''मला ठाऊक आहे. पण मला सांगून काय उपयोग? जो त्या गाडीत बसतो त्याला सांग.''

त्या रात्री टपरीवर मी कॅप्टन आणि बारक्याला सगळं सांगितलं. कॅप्टनने मला जे काही ऐकवलं ते या अंकात छापता येणार नाही. बारक्या मात्र काहीच बोलला नाही. चहा अर्धा ठेवून उठून गेला. शिव्या परवडल्या असत्या. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून शेडमध्ये आला आणि म्हणाला, ''जोड. मी बघतो तू कसं जोडतोस ते.''

मग मामांनी आम्हा दोघांना बसवून शिकवलं. ते मी इथे मुद्दाम सविस्तर लिहितोय. कॉलेजच्या कुठल्याच विषयात हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिलं, नळी. मामा म्हणाले, ''ही बंडी ट्यूब.'' मला वाटलं बंडी म्हणजे अंगात घालायची! तसं नव्हे. हॅरी बंडी नावाच्या अमेरिकन माणसाच्या नावावरून हे नाव पडलं. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी पट्टी दोन वेढे गुंडाळून भट्टीत जोडतात, म्हणून भिंत दुहेरी. नवीन तुकडा घेतला, यावेळी पुरेसा लांब. हॅकसॉ नाही, ट्यूब कटर. गोल फिरवत, हळूहळू आवळत कापायचं. हॅकसॉने टोक वाकडं होतं, बर राहते, आणि कीस आत पडून थेट इंजेक्टरकडे जातो. माझ्या कापलेल्या टोकाच्या बरने होजचं आतलं महागडं अस्तर खरवडलं होतं, तेही मामांनी होज उभी चिरून दाखवलं.

दुसरं, गाठ. तिला बीड म्हणतात. ब्रेकच्या नळ्यांना डबल फ्लेअर करायचा सेट वर्कशॉपच्या कपाटात धूळ खात पडलेला होता. नळी त्याच्या पकडीत धरायची, ठरलेल्या मापाएवढी वर ठेवायची, तोंडावर ॲडाप्टरची गोळी ठेवून स्क्रूने दाबायचं. नळीचं तोंड फुगतं. डबल फ्लेअर करताना दुसऱ्या पायरीत ते आत दुमडतात. आपण पहिल्या पायरीवरच थांबायचं. झाला फुगवटा. कडा हाताला गुळगुळीत लागल्या पाहिजेत. मग नळी आतून हवेने फुंकून साफ.

तिसरं, होज. आत तेलाचा थेंब लावून बीडच्या पुढे इंचभर तरी चढवायची. यावेळी ती लोण्यासारखी सरकली नाही, घाम काढला. मामा म्हणाले, ''जाताना जेवढी भांडती, तेवढी निघताना भांडल.''

चौथं, क्लॅम्प. बीडवर नाही, बीडच्या मागे. बीडवर बसवला तर तिथेच होज कापते. मागे बसवला की होजला निघायचं असेल तर क्लॅम्पच्या बंद दारातून बीड ओढून न्यावी लागते. होजच्या टोकापासूनही थोडी जागा सोडायची. आणि जीव खाऊन आवळायचं नाही. रबर बाजूने फुगून वर यायला लागलं की जास्त झालं.

पाचवं, आधार. पोलादी नळी सांध्याजवळच चासीला पी-क्लिपने बांधायची, म्हणजे नळी हलत नाही, हलायचं काम फक्त होजचं. होजला थोडा झोल ठेवायचा, ताणून लावायची नाही, एक्झॉस्टपासून लांब न्यायची, घासण्याच्या जागी स्लीव्ह चढवायची. आणि पारदर्शक प्लास्टिकची नळी 'पेट्रोल दिसतं' म्हणून कधीही लावायची नाही. पेट्रोल तिच्यातला मऊपणा खाऊन टाकतं, मग ती पिवळी, कडक होते आणि आखडते.

रात्री मी गणित केलं. ८ मिलिमीटर नळीचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस मिलिमीटर. ३ बार म्हणजे ०.३ न्यूटन दर चौरस मिलिमीटर. म्हणजे होजला बाहेर ढकलणारं बल फक्त १५ न्यूटन. दीड किलो! मंडईतून आणलेली बटाट्याची पिशवी. मग एवढ्याशा बलाने आवळलेली होज निघालीच कशी? मामा म्हणाले, ''एका धक्क्याने कुठं निघाली? वीस मिनिटं निघत होती.'' पुन्हा हिशेब केला. ६००० आर.पी.एम. धरलं तर सेकंदाला १०० फेरे, २० मिनिटांत १ लाख २० हजार. प्रत्येक फेऱ्याला एक बारीक हिसका. रबर गरम होऊन सैल पडतंय, नळी गुळगुळीत, आत पेट्रोलचा ओलावा. केसाच्या हजाराव्या भागाएवढं सरकलं तरी वाट संपते. क्लिप होजला धरत होती. होजने नळीला धरावं असं मी नळीवर काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांत पंपाचा दाब पाव बारच्या आसपास, तिथे अशी चूक कदाचित नुसती पाझरून दिसली असती. इंजेक्शनच्या लाइनमध्ये ती माफ होत नाही.

पुढे आम्ही चेकलिस्ट बदलली. 'ओके' हा शब्दच काढून टाकला. आता तिथे रकाने आहेत : बीड आहे का, होज किती आत, क्लॅम्प बीडच्या मागे का. इंजिन चालू न करता नुसता पंप लावून दहा मिनिटं दाब ठेवायचा, सांध्याभोवती टिश्यू पेपर गुंडाळून, आणि तो कोरडा निघाला तरच पुढे. लाइन उघडायची असेल तर आधी पंपाचा कनेक्टर काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, म्हणजे दाब उतरतो. एक्स्टिंग्विशर हातात धरून एकजण उभा. आणि शेवटची सही जोडणाऱ्याची नाही, गाडीत बसणाऱ्याची. ही शेवटची अट बारक्याची. तो प्रत्येक वेळी बसण्याआधी वाकून सांध्यावरून बोट फिरवतो. पहिल्या दिवशी त्याने तसं केलं तेव्हा मला लाज वाटली. आता बरं वाटतं.

स्पर्धेत तांत्रिक तपासणीला टिल्ट टेस्ट असते. पेट्रोल भरलेली गाडी ६० अंशांत आडवी करतात, एक थेंब गळता कामा नये. आमची गाडी कलंडत होती तेव्हा सगळे टायरकडे बघत होते, मी आणि बारक्या त्या सांध्याकडे. कोरडा. पुढे २२ किलोमीटरच्या एंड्युरन्समध्ये आमची चेन तुटली, तेव्हा क्रमांक कृपया विचारू नये. पण मामांना फोन करून टिल्ट टेस्टचं सांगितलं तर म्हणाले, ''त्यात काय सांगायचं? न गळणं हे तर कामच आहे.''

जाता जाता तुमच्यासाठी. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ आल्यावर आपल्या स्कूटर-मोटरसायकलीही इंजेक्शनवर गेल्या. म्हणजे पार्किंगमधल्या तुमच्या गाडीतही दाबाखालची पेट्रोल लाइन आहे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या प्रकारच्या रबराला ते मानवतंच असं नाही. तेव्हा जुन्या गाडीची होज कडक झाली असेल, चिरा दिसत असतील तर बदला, आणि बदलताना होजवर काय छापलंय ते वाचा. गाडीजवळ पेट्रोलचा वास आला तर 'मस्त' म्हणू नका. खाली बघा.

परवा सुट्टीत घरी गेलो होतो. आईने सुई-दोरा हातात दिला. ओवून परत दिला तर तिने नेहमीसारखं विचारलं, ''गाठ मारलीस का?''

म्हटलं, ''मारली. तरी तू एकदा बघून घे.''

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी